आई कुठल्या रकान्यात?

गेल्या काही पोस्टमध्ये आपण संशोधनाचा पेपर कसा वाचायचा हे गाई-म्हशींच्या उदाहरणांवर बघत होतो. आज कुत्र्यांचा पेपर घेतलाय. माझा स्वतःचा विषय गाई-म्हशींचं प्रजनन, त्यामुळे हे थोडं दुसऱ्याच्या रानात शिरणं आहे. पण कारण घडलंय, ते आधी सांगते.

मध्यंतरी एका महाविद्यालयाच्या श्रमसंस्कार शिबिरात मला अर्धा तास बोलायला दिला होता. विषय मीच निवडला : पिल्लांचा बाजार आणि त्यामागची क्रूरता. स्लाइड परदेशी संस्थांच्या साहित्यावरून केल्या होत्या. तारेचे पिंजरे, एकावर एक रचलेले, आत डोळे चिकटलेली कुत्री. पोरं गप्प बसून बघत होती. मला वाटलं, पोचलं. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, श्वानपालनाला लोन कुठल्या बँकेचं मिळतं?"

हशा पिकला, मीही हसले. पण शिरवळला परत येताना खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत तेच डोक्यात होतं. तो मुलगा थट्टा करत नव्हता. मी अर्धा तास क्रूरता सांगितली आणि त्याने अर्धा तास जोडधंदा ऐकला. चूक त्याची की माझी?

आता शब्दच बघा. इंग्रजीत 'पप्पी फार्म' किंवा अमेरिकेत 'पप्पी मिल' म्हटलं की शब्दातच आरोप असतो. घरातल्या माणसासारखा सांभाळायचा प्राणी तुम्ही कारखान्यात काढताय, असा. आपल्याकडे सातारा-सांगलीत 'फार्म' हा अभिमानाचा शब्द आहे. पोल्ट्री फार्म, गोट फार्म, डेअरी फार्म. रस्त्यावर कमान उभारून त्यावर वडिलांचं नाव घालतात. तिथे 'डॉग फार्म' म्हटल्यावर कुणाच्या कपाळाला आठी का पडावी? मी शब्द उचलला, त्याच्या मागचा अर्थ तिकडेच राहिला. आणि फोटोतल्या पिंजऱ्यांबद्दल म्हणाल, तर एक जण हळूच म्हणाला होता, "जाळी चांगल्या क्वालिटीची दिसतीय." (हे मी त्या दिवशी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

दुसऱ्या दिवशी मी माझीच एक स्लाइड परत उघडली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'दुकानातून आणलेला कुत्रा तिप्पट चावरा : संशोधनाचा निष्कर्ष'. ज्या पेपरातून मी हे घेतलं, तो आज आपण नीट वाचणार आहोत. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा पहिला सिनॉप्सिस लिहिताय, त्यांनी माझ्या चुकीवरून शिकायला हरकत नाही.

पेपर २०१३ चा, अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमधला. पहिलं नाव फ्रँक मॅकमिलन, सोबत जेम्स सर्पेल आणि इतर. प्रश्न सरळ आहे : पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पिल्लू म्हणून घेतलेले कुत्रे आणि घरगुती, बिगरव्यापारी पैदासकाराकडून घेतलेले कुत्रे यांच्या वागण्यात फरक दिसतो का? दुकानातले ४१३, पैदासकाराकडचे ५,६५७. मोजपट्टी होती सी-बार्क नावाची प्रश्नावली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सर्पेल यांच्या गटाने ती तयार केली. साधारण शंभर प्रश्न, उत्तरं मालकाने द्यायची. १४ प्रकारच्या वागण्यांपैकी १२ मध्ये दुकानातल्या कुत्र्यांचे गुण वाईट आले. एकाही बाबतीत ते सरस ठरले नाहीत. घरच्यांवर, अनोळखी माणसांवर, इतर कुत्र्यांवर आक्रमकता जास्त, भीती जास्त, एकटं ठेवल्यावर त्रास जास्त, घरात घाण करणं जास्त.

आणि माझं 'तिप्पट'? पेपरात ते असं आहे : ज्यांची नसबंदी झालेली नाही अशा कुत्र्यांमध्ये, दुकानातून आलेल्यांनी मालकाशी आक्रमकता दाखवलेली असण्याची शक्यता तिप्पट. म्हणजे एक, सगळे कुत्रे नव्हेत. दोन, आक्रमकता म्हणजे चावा नव्हे. गुरगुरणं, दात दाखवणं हेही त्यात येतं. 'चावरा' हा शब्द माझा. तीन, 'शक्यता दिसली' याचं मी 'निष्कर्ष' करून टाकलं. तीन चुका, एका ओळीत. आणि गंमत म्हणजे टाळ्या त्याच स्लाइडला पडल्या होत्या.

पेपरचे लेखक माझ्यापेक्षा पुष्कळ सावध आहेत. फरक का पडला हे आम्हाला नक्की सांगता येत नाही, ते कळेपर्यंत दुकानातून पिल्लू घ्या अशी शिफारस आम्ही करू शकत नाही, एवढंच ते म्हणतात. संबंध आणि कारण यांतला फरक तुम्ही नेटसाठी पाठ केलेला असतो. तो इथे प्रत्यक्ष बघा. पिल्लू लवकर आईपासून तोडलं म्हणून असं झालं? की प्रवासात घाबरलं म्हणून? आईबापच भित्रे म्हणून? की दुकानासमोरून जाता जाता पिल्लू उचलणारा मालक आणि सहा महिने थांबून पैदासकाराचं घर बघून येणारा मालक हीच दोन वेगळी माणसं आहेत म्हणून? मालकाबद्दलच्या काही गोष्टी गणितात धरता येतात. सगळ्या नाही.

लहान वयातल्या माणसांच्या सहवासाबद्दल जुनं, भक्कम काम आहे. १९६१ साली सायन्समध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात माणसांपासून लांब वाढवून, वेगवेगळ्या वयात माणसांच्या सहवासात आणलं. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न बघितलेली पिल्लं नंतर माणसाजवळ येईनातच. तेव्हा यंत्रणा पटण्यासारखी आहे. पण पटण्यासारखी असणं वेगळं आणि या ४१३ कुत्र्यांत तीच कारणीभूत आहे हे दाखवणं वेगळं.

इथपर्यंतची टीका कुठल्याही जर्नल क्लबमध्ये ऐकायला मिळेल. मला अडकायला झालं ते पुढे.

प्रश्नावली भरायला कुत्रा जिवंत लागतो.

वाचायला बावळट वाटेल असं वाक्य, पण थांबा. आपल्याकडे पिल्लू विकतात किती दिवसांचं? जाहिरातीत लिहिलेलंच असतं : 'डबल बोन लॅब, ३५ दिवस, विदाऊट पेपर'. या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते आणि लसीची स्वतःची अजून तयार झालेली नसते. नेमक्या याच फटीत पार्व्हो शिरतो. नव्या घरी येऊन तिसऱ्या दिवशी पिल्लू उलट्या करतं, रक्ताची हगवण लागते, पाचव्या-सहाव्या दिवशी संपतं. मालक रडत विचारतो, "चपाती-दूध दिलं म्हणून झालं का?" पार्व्होला लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण चार ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा तो विषाणू घेऊनच घरी आलेलं असतं. हे आकडेमोडीचं एक वाक्य त्या माणसाला कुणी सांगत नाही आणि तो आयुष्यभर चपातीला दोष देतो. असं पिल्लू सी-बार्कच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. म्हणजे पेपरात दुकानातल्या कुत्र्यांचं जे चित्र आहे, ते वाचलेल्यांचं आहे.

आणि दुसरी न मोजलेली, आई. हे मला एका शिह त्झूमुळे कळलं.

एका दवाखान्यात (कुठल्या ते महत्त्वाचं नाही) संध्याकाळी एक माणूस टॉवेलमध्ये गुंडाळून कुत्री घेऊन आला. अंग कडक, पाय ताठ, धाप, ताप. तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली, पाच पिल्लं पीत होती. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं होतं. आम्ही शिरेतून कॅल्शियम लावलं, अगदी हळू, छातीला स्टेथोस्कोप लावून, कारण घाई केली तर हृदय थांबतं. तो माणूस बघत होता. म्हणाला, "आमच्या एचएफला बाटली लावता तसंच की." दुधाचा धंदा होता त्याचा. मिल्क फीव्हर त्याला माझ्याइतकाच माहीत होता. कुत्रीचे पाय सैल पडले तसा त्याने पहिला प्रश्न विचारला, पिल्लांना काही होणार नाही ना, चार बुक झालीत.

मी विचारलं, कितवं वेत? तिसरं. आधीचं कधी? सात महिन्यांपूर्वी. वय? तीन पूर्ण व्हायचंय. केसपेपरवर लिहिलं होतं : 'शिह त्झू, मादी, ३ वर्षे'. बाकीचं लिहायला रकानाच नव्हता. मी कोपऱ्यात पेनने लिहिलं.

तुम्ही संशोधक होणार आहात म्हणून सांगते : या एका केसवरून 'लागोपाठ वेतं घेतल्यामुळे कॅल्शियम गेलं' असं म्हणता येत नाही. छोट्या जातीत, पहिल्या वेतालाही हे होतं. मला तेव्हा खटकलं ते कारण नव्हे. खटकलं ते हे, की हा प्रश्न उद्या कुणाला अभ्यासायचा झाला तर कागदावर काहीच मिळणार नाही.

आयांवर पेपर आहे, नाही असं नाही. मॅकमिलन, डफी आणि सर्पेल यांचाच, २०११ चा, अप्लाइड अ‍ॅनिमल बिहेविअर सायन्समधला. व्यापारी पैदास केंद्रांतून सुटून घरी दत्तक गेलेल्या १,१६९ कुत्र्यांची माहिती त्यात आहे. भीती खूप जास्त, हात लावला-उचललं की दचकणं, एकच हालचाल परत परत करत राहणं. पण आक्रमकता? साध्या पाळीव कुत्र्यांपेक्षा कमी. जनजागृतीच्या पोस्टरवर हे कधी येत नाही, कारण कथेत बसत नाही. मला मात्र तेच वाक्य सगळ्यात जास्त टोचलं. जो प्राणी गुरगुरायचंही सोडून देतो, त्याचं काय झालं असेल? (ही माझी कल्पना, पेपरचं म्हणणं नव्हे. असं लिहिताना कंस घालायची सवय लावा.) आणि इथेही तीच चाळणी आहे : ज्या सुटल्या, जगल्या, दत्तक देण्याजोग्या वाटल्या, त्याच मोजल्या गेल्या.

मग जनजागृती कशाची करायची? आपल्या बहुतेक पोस्टरचं लक्ष्य असतो विकत घेणारा, आणि त्याला सांगतात पिल्लाबद्दल : पिल्लू आजारी निघेल, बिघडलेलं निघेल. म्हणजे मालाची हमी नाही, एवढंच. त्यावर ग्राहक काय शिकतो? 'चांगला' माल शोधायला. 'पंच फेस' पग, 'पेपरवाला' लॅब. २००३ मध्ये हचची जाहिरात आली, गोव्यातल्या रस्त्यांवर मुलाच्या मागे चालणारा पग, आणि त्यानंतर पग घरोघर झाला हे तुमच्या-माझ्या आठवणीतलं आहे. यावर मोजमापही आहे, अमेरिकेतलं : घिरलांडा, असर्बी आणि हर्झोग यांनी २०१४ मध्ये दाखवलं की कुत्र्याचा सिनेमा गाजला की त्या जातीची मागणी दहा दहा वर्षं वर राहू शकते. तेवढी वर्षं त्या जातीच्या माद्या ती मागणी पुरवत असतात. एक जाहिरात अर्ध्या मिनिटाची, आणि आमचं पोस्टर दवाखान्याच्या भिंतीवर, वजनकाट्याच्या मागे.

दुसरं एक, दया. आजारी, मरगळलेलं पिल्लू बघून 'याला इथून सोडवूया' म्हणून पैसे देणारी माणसं मी बघितली आहेत. माझी मावशीही त्यातलीच. क्रूरतेचे फोटो दाखवून आपण हीच दया पेटवतो. विकणाऱ्याच्या हिशोबात मात्र ते एक पिल्लू खपलेलं असतं.

इंग्लंडमध्ये मोहीम उभी राहिली ती एका आईच्या नावाने. ल्युसी नावाची कॅव्हेलियर जातीची कुत्री, २०१३ मध्ये वेल्समधल्या पप्पी फार्ममधून सोडवलेली, २०१६ मध्ये वारली. मार्क अब्राहम या पशुवैद्याने ती मोहीम चालवली. ६ एप्रिल २०२० पासून 'ल्युसीज लॉ' लागू झाला : सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या व्यापाऱ्याने विकायचं नाही, घेणाऱ्याने ते जन्मलं तिथे, आईसोबत बघायचं. पळवाटा निघाल्याच, भाड्याची आई दाखवण्यापर्यंत. पण निदान प्रश्न बरोबर जागी गेला.

आपला कायदाही वाटतो तितका मागे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६१ वा अहवाल याच विषयावर दिला आणि २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम आले. वाचा ते, गंभीरपणे सांगतेय. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाखालच्या मादीची पैदास नाही, आठ वर्षांनंतर नाही. वर्षाला एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. राज्य मंडळाकडे नोंदणी, सगळ्याच्या नोंदी. नियम आईचाच विचार करतात. घोळ असा की ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आहेत आणि त्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. ३५ दिवसांचा लॅब विकून येणाऱ्या पैशांत असे दंड किती वेळा भरता येतील, हे गणित तुम्हीच करा.

आता त्या शिबिरातल्या मुलाकडे परत जाऊ. समजा पुन्हा तिथे उभी राहिले तर मी पिंजऱ्याचे फोटो दाखवणार नाही. मी विचारेन : तुमच्याकडे कालवड कधी भरवता? सगळे सांगतील : पहिल्या माजाला नाही, अडीचशे किलोच्या आसपास वजन झाल्यावर. वेत झाल्यावर लगेच परत भरवता का? नाही, गर्भाशय जागेवर येऊ देतो. व्यायच्या आधी दोन महिने काय करता? भाकड ठेवतो. वर्षाला एक वासरू निघालं तर? उत्तम गोठा. बरं. मग कुत्री पहिल्या-दुसऱ्या माजालाच का लावता? ती सहा-सात महिन्यांनी माजावर येते, ६३ दिवस गाभण, पुढे चाळीस दिवस पिल्लं अंगावर. दोन्ही माज वापरले तर वर्षातले दोनशेहून जास्त दिवस ती एक तर गाभण नाही तर पाजत असते. तिला भाकड काळ कुठला?

जे आपल्या लोकांना गाईबद्दल तीन पिढ्या माहीत आहे, तेच २०१७ चे नियम कुत्रीबद्दल म्हणतात. हे मला 'क्रूरता' या शब्दापेक्षा जास्त कामाचं वाटतं.

पण याचीही चिकित्सा करायला हवी, नाहीतर मी माझ्याच प्रेमात पडेन. गोठ्याच्या भाषेत बोललं की कुत्री उत्पादनाचं जनावर ठरते. तिला विश्रांती द्यायची ती पुढचं वेत चांगलं यावं म्हणून. आणि वेतं संपल्यावर? म्हातारी भाकड गाय कुठे जाते हा प्रश्न आपण आपसातही टाळतो. पाच वेतं झालेल्या कुत्रीबद्दल विचारलं की उत्तर मिळतं, 'गावाकडे दिली'. माझे एक सर म्हणतात, या भाषेने निदान दार उघडतं, आत जायचं की नाही नंतर ठरव. मला अजून ठरवता आलेलं नाही.

जे जमण्यासारखं आहे ते छोटं आहे. ओळखीच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही केसपेपरला तीन प्रश्न जोडून बघितले : पिल्लू कुठून आणलं, आणलं तेव्हा किती दिवसांचं होतं, आई बघितली होती का? पहिल्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, 'मित्राकडून'. हायवेवर गाडीच्या डिकीतून पिल्लू देणारासुद्धा मित्रच. म्हणजे प्रश्नच बदलायला हवा. 'पैसे कुणाला दिले' असं विचारून बघायचंय. दुसऱ्या प्रश्नाला लोक 'दोन महिन्यांचं' म्हणतात आणि लसीच्या कार्डवरची तारीख वेगळंच सांगते, तेव्हा कार्ड बघूनच भरायचं. तिसऱ्या प्रश्नाला लोक थांबतात. एका बाई म्हणाल्या, "आई? तिचं कुणी दाखवलंच नाही, आणि आम्हीही विचारलं नाही बघा."

मादी व्यालेली असेल तर चौथा रकाना : कितवं वेत, आधीचं कधी. तो अजून आम्ही पेननेच आखतो, कारण छापून घेतलेल्या पहिल्या गठ्ठ्यात तो टाकायचा मीच विसरले होते.